सही पेशंटचीच हवी

मरणाचे कागद तपासते आणि ऑफिसात पोट धरून हसते, असं म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र बघतात. बघेनात का! दिवसभर एकच काम करा, किस्से साचतातच.

इथे आखातात, बिन महमूद भागात आमचं छोटं ऑफिस आहे, काम मात्र अमेरिकेचं. अमेरिकेत पासष्टीपुढच्यांना सरकारी आरोग्य विमा असतो. आता फार तर सहा महिने, असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की त्यातून हॉस्पिस मिळतं. म्हणजे आजाराशी झगडणं थांबवायचं आणि फक्त दुखणं कमी करायचं. नर्स घरी येते. औषधं, पलंग सगळं विमा देतो. ते क्लेम तपासतो आम्ही तिघं: मी, नाशिकचा साबळे आणि पुण्याहून नवा आलेला तन्मय.

*

माझ्या मुलाला शाळेत विचारलं, आई काय करते? पठ्ठ्याने उभं राहून सांगितलं, "माय मॉम चेक्स इफ पीपल आर डाइंग ऑन टाइम!"

टीचरचा घाबरून फोन. मी म्हटलं, "मॅडम, साधारण तसंच आहे."

*

तन्मयचा पहिला आठवडा. एक आजी सहा महिने उलटूनही ठणठणीत नाही, पण जिवंत. याने शेरा मारला, 'पेशंटने मुदत पाळलेली नाही.'

साबळे उखडला. "अरे गाढवा, डॉक्टरांनी पुन्हा तपासून लिहून दिलं की पुढे चालू राहतं. म्हातारी म्हणजे काय दुधाची पिशवी आहे, तारीख गेली म्हणून टाकून द्यायला?"

*

घरच्यांना विसावा मिळावा म्हणून पेशंटला अधूनमधून पाच दिवस दुसरीकडे ठेवता येतं, त्याचाही बहुतेक खर्च विमाच देतो. हे तन्मयला समजावताना साबळे म्हणाला, "थोडक्यात, सरकारी खर्चाने सुनेला माहेरपण! माझ्या वहिनीला कळलं तर उद्याच अमेरिकेचा व्हिसा मागेल."

आम्ही हसलो. मग वहिनी कुणाचं करते ते कळलं. साबळेची आई नाशिकला, दादा-वहिनीकडे. कॅन्सर. आता उपचारांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी दोघा भावांना सांगितलेलं. आईला मात्र सांगितलं होतं, अल्सर आहे. केमोला घरात 'ताकदीचं सलाईन' म्हणायचे. प्रत्येक सलाईननंतर ती चार दिवस ओकत पडायची. थांबवावं तर कारण सांगावं लागणार, आणि ते सांगायची हिंमत कुणातच नव्हती.

*

आपल्याकडे सत्तरीपुढच्यांना उपचारांसाठी सरकारी कार्ड मिळतं, ते तिच्याकडेही होतं. साबळेने नाशिकच्या हॉस्पिटलात फोन करून चौकशी केली, घरी येणारी नर्स त्यात बसते का? उत्तर आलं, "पेशंट भरती करा, मग बघू."

फोन ठेवून म्हणाला, "खलास! घरी मरायची सोयच नाही." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

*

गेल्या महिन्यात एक फॉर्म आला. हॉस्पिस घ्यायचं ठरवलं होतं लेकीने, आणि सहीही तिचीच. पेशंट चांगली शुद्धीत. असा कागद आम्ही परत पाठवतो. साबळेने सवयीने टाइप केलं, 'पेशंट शुद्धीत आहे. तिला सांगा, तिची सही घ्या.'

तन्मय सहज म्हणाला, "साबळेसर, हे लोक पेशंटला तोंडावर सांगतात? आपल्याकडे तर..." आणि जीभ चावली.

साबळे चहा आणायला गेला. तिघांसाठी पाच कप घेऊन आला.

*

लंच अवरमध्ये त्याने नाशिकला फोन लावला. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आम्ही उठायला लागलो तर "बसा रे" म्हणाला.

"आई, ते ताकदीचं सलाईन आहे ना..."

"बंद करायचंय ना? कर बाबा. मला घरी पडू दे निवांत."

"आई, तुला माहितीये?"

"त्या वॉर्डाच्या दारावर एवढी मोठी पाटी आहे की रे! सातवी शिकलेय मी."

साबळे टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. तिकडून आई म्हणाली, "ऐकतोयस ना? फक्त दादाला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. रोज इतकं मनापासून खोटं बोलतो, बिचारा!"