वेशीवरची ओटिली

आमच्या स्वाकोपमुंड शहरात येणारे पाहुणे आधी समुद्रातला लांब धक्का बघतात, मग दीपस्तंभ, मग जर्मनांचे राज्य होते त्या काळातली रंगीत घरे. वाळूच्या डोंगरांवर फटफट्या उडवतात. आमच्या खापरपणज्या-पणजोबांच्या बिनदगडाच्या कबरी त्याच वाळूच्या कडेला आहेत, तिकडे कुणी फारसे फिरकत नाही. मग केक खातात, दुकानांच्या गल्लीत मणी, दगड आणि चामड्याच्या चपला घेतात, आणि एवढे सगळे करून वेळ उरलाच तर आम्हाला बघायला येतात. सहलवाल्यांची पांढरी गाडी आमच्या मोन्देसा वस्तीत शिरते. मी कोपऱ्यावर कढईत पिठाचे गोळे तळत बसलेली असते, तर माझाही फोटो निघतो. मी हसत नाही. फुकटचे हसायला मला आवडत नाही.

ओटिली कान्जी मात्र हसायची. ती माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच पत्रा, तिकडे कांदा चिरला तरी इकडे डोळ्यांत पाणी यायचे. आम्ही दोघी हेरेरो जमातीच्या, पण तिच्यासारखा झगा शिवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. परकरांवर परकर, वर पायघोळ घेर, आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखा आडवा फेटा. तो फेटा ती असा बांधायची की दोन्ही टोके अगदी पातळीत राहायची. पांढरी गाडी तिच्या दारात थांबे, तो सहलीतला 'हेरेरोंचे घर' नावाचा थांबा होता. ती पाहुण्या बायकांना फेटा बांधून दाखवी, आपली बाई गाईसारखी संथ कशी चालते ते अंगणात चालून दाखवी आणि मग सगळ्यांना एकेक पेला ओमाएरे देई. आंबवलेले दूध ते. ते पिताना पाहुण्यांची तोंडे अशी व्हायची की तिला हसू आवरायचे नाही.

तिचा नवरा गॉटहार्ड मिठागरात कामाला होता. संध्याकाळी उपड्या खोक्यावर बसून तो मला म्हणायचा, "हेर्टा, माझी बायको सगळ्या जगाची झाली. मला ठेवलंय परकर वाळत घालायला."

"घाला की मुकाट्यानं," आतून ओटिली ओरडायची. "जर्मन म्हातारे तर म्हणतात, असा परकर त्यांच्या आजीनंसुद्धा घातला नव्हता!"

"त्यांच्या आजीनंच शिकवला ना तुमच्या आजीला?"

"शिकवला असेल. शिंगं आमची आहेत."

असे ते घर होते. तिला तो थांबा म्हणजे नुसती कमाई वाटत नव्हती, अभिमान वाटायचा. मला राग यायचा, पण तिचा अभिमान खोटा नव्हता, हे कबूल करायला हवे.

मग एका थंडीत गॉटहार्डच्या छातीत कळ आली आणि तो मिठाच्या ढिगाशेजारीच गेला. त्याला पुरायला तिकडे पूर्वेला, ओकाकारारापलीकडच्या त्याच्या गावी नेले. ओटिली परतली ती काळ्या झग्यात. काळा घेर, काळा फेटा, काळी शाल. आमच्यात विधवा वर्षभर काळ्यात असते. मोठ्याने हसायचे नाही, लग्नाला जायचे नाही. आणि वर्ष संपले म्हणून तिने स्वतः तो झगा उतरवायचा नसतो. नवऱ्याच्या घरची वडील बाई येते, दिवसाउजेडी सगळ्यांसमोर आपल्या हाताने काळा उतरवते आणि रंगीत झगा चढवते. त्या हाताने ती बाई सांगत असते की आमच्या माणसासाठी ही नीट रडली, ही अजून आमची आहे. मग ती विधवा सासरच्या पवित्र अग्नीपाशी बसू शकते आणि पुढे कधीतरी नवऱ्याशेजारी तिची कबर होऊ शकते. ओटिलीला गॉटहार्डशेजारची ती जागा हवी होती. "मूलबाळ नाही मला, हेर्टा," ती म्हणाली होती. "निदान तिथं तरी एकटी नको."

आठवड्याभरात पांढरी गाडी चालवणारा फेस्टस आला. आमच्यातलाच मुलगा, पण सहलवाल्यांचा सदरा घातला की त्याची मान ताठ होते.

"मावशी, वाईट झालं हो. पण पाहुणे आलेत गाडीत. तासभर तो लाल झगा घालाल का?"

"मी कशात आहे ते दिसतंय ना तुला?"

"दिसतंय. पण ते लोक सुट्टीवर आलेत, मावशी. त्यांना रडं कशाला दाखवायचं?"

"त्यांना आमची रीत बघायची असते ना? मग हीच आमची रीत. आण त्यांना आत. सांगते मी."

फेस्टसने डोके खाजवले आणि गाडी पुढे नेली. पुढच्या आठवड्यापासून ती गाडी दोन गल्ल्या पलीकडे थांबू लागली. तिथे उपाहारगृहात वाढपाचे काम करणारी एक ओवाम्बो, म्हणजे दुसऱ्याच जमातीची, पोरगी हेरेरो झगा घालून उभी असायची. फेट्याचे एक शिंग खाली घसरलेले. पाहुण्यांना काय, शिंग वर काय नि खाली काय. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण ओटिली म्हणाली, "जाऊ दे गं, पोरीचं पोट आहे," आणि लोकांचे झगे शिवत बसली.

तिथवर सगळे ठीक होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी शहराच्या वेशीवर, पूर्वेकडून येणाऱ्या रस्त्याला, नवा फलक लागला. दुमजली घराएवढा. त्याच्यावर ओटिली! लाल झगा, मागे वाळूचे डोंगर, डोके मागे टाकून खळखळून हसणारी. खाली लिहिलेले, 'वाळवंट तुमची वाट बघतंय'. फोटो आदल्या वर्षीचा होता, गॉटहार्ड जिवंत असतानाचा. तो काढताना गॉटहार्ड बाजूलाच उभा राहून तिला हसवत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिले होते.

नेमकी त्याच आठवड्यात तिची थोरली नणंद जेरिपो डोळे दाखवायला शहरात आली. तिकडून येणारा प्रत्येक माणूस त्या वेशीवरूनच आत येतो. ती दवाखान्यात गेलीच नाही, सरळ ओटिलीच्या दारात आली.

"डोळे दाखवायला निघाले होते," जेरिपो म्हणाली. "गरज नाही उरली. चांगलं लख्ख दिसतंय मला."

"वन्सं, तो जुना फोटो आहे. हे होते तेव्हाचा."

"खरं असेल. मी तुला खोटी म्हणत नाही."

"मग?"

"मग काय? टॅक्सीत आमच्या गावची चार माणसं होती. सगळी बघत होती. ड्रायव्हर म्हणाला, ही बघा कान्जीची विधवा, मजेत आहे. कुणाकुणाला सांगू मी की फोटो जुना आहे? रस्त्यावर उभी राहून?" जेरिपोचा आवाज चिरकला. तिचाही भाऊच गेला होता. "तो फलक उतरव, ओटिली. तो उतरला की वर्षाला मी येईन आणि माझ्या हातानं तुझा काळा काढीन. तो तिथं असेपर्यंत तू लालच आहेस."

तिच्यावर मला राग धरता येईना. आमच्यात कपडा म्हणजे तोंड असते. तो बोलतो ते लोक ऐकतात.

ओटिली आणि मी सहलवाल्यांच्या कार्यालयात गेलो. समुद्राकडे तोंड, खाली केकचे दुकान, वर क्रुम्बाख साहेब. माणूस वाईट नाही, म्हणजे आवाज चढवत नाही. त्याने आम्हाला कॉफी दिली, सफरचंदाचा केक दिला. ओटिलीने सगळे सांगितले. काळा झगा, वर्ष, नणंद, कबर. तो डोळे मिटून मान डोलवत होता.

"किती सुंदर प्रथा आहे," तो म्हणाला.

"मग फलक काढाल?"

"हंगाम संपेपर्यंत कसा काढणार, बाई? जागा भाड्याची आहे. आणि तुम्ही किती छान दिसता त्यात! घरच्यांना अभिमान वाटायला हवा."

निघताना त्याने तिच्या हातात कापडी पिशवी ठेवली. आत त्याच फोटोची लहान प्रत, फ्रिजला चिकटवायची. ओटिलीकडे फ्रिज नाही. जिना उतरताना मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खाली आल्यावर ओटिली म्हणाली, "तुझ्या पत्र्याला लावायचं डांबर उरलंय का गं?"

रविवारी सकाळी समुद्रावरून असे दाट धुके आले की रस्त्यापलीकडचे माणूस दिसेना. सगळी वस्ती चर्चमध्ये. आम्ही चर्चचीच शिडी घेतली आणि वेशीवर गेलो. एवढ्या घेराच्या दोन बायका, एक शिडीवर, एक खाली, वारा परकरात शिरतोय. कुणी पाहिले असते तर पोट धरून हसले असते. मी खालून शिडी धरली होती आणि तोंडाने बोंब मारत होते, "पडशील गं, म्हशे!" ती वरून म्हणाली, "पडले तर काळ्यातच पडेन, भिऊ नकोस!" गॉटहार्ड गेल्यानंतर तिला इतके हलके बोलताना मी पहिल्यांदा ऐकले. केरसुणीने तिने घेर रंगवला, कंबर, बाह्या, छाती, गळ्यापर्यंत. शेवटच्या पायरीवर चढून तिने हात ताणला. केरसुणी हनुवटीलाही लागेना. शिडी संपली होती.

"राहू दे तोंड," मी ओरडले. "झगा झाला ना काळा! उतर!"

ती उतरली. डांबराने बरबटलेले हात लांब धरून वर बघत राहिली. "आता ठीक आहे ना गं?" तिने विचारले. मी म्हटले, ठीक आहे. धुक्यात मला धड दिसतही नव्हते. दिसले असते तरी तेच म्हटले असते.

आम्ही पोलिसांची वाट बघत बसलो. पोलीस आले नाहीत. आला तो फेस्टस, दात काढत.

"मावशी, साहेब जाम खूश आहेत! तिथं गाड्यांची रांग लागलीय. पाहुणे उतरून उतरून फोटो काढतायत. म्हणतात, हसणारी काळी राणी. साहेबांनी फलक कायमचा ठेवायचं ठरवलंय. खाली रखवालदारही बसवलाय, कुणी पुन्हा हात लावू नये म्हणून."

महिन्याभरात दुकानांच्या गल्लीत ती कपांवर आली, टोप्यांवर आली. काळा झगा, वर ते उघडे हसू. ओटिलीला पुन्हा शिडी घेऊन जायचे होते, तोंडही डांबराने झाकायचे होते. पण रखवालदार म्हणजे आमच्याच गल्लीतला आस्सर. तो हात जोडून म्हणाला, "आक्का, माझं काम जाईल." ती परत आली.

जेरिपोचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. बोलणे मोठ्याने चालले होते, मला फोनला कान लावावा लागला नाही.

"वन्सं, मीच रंगवला तो. तुमच्यासाठीच रंगवला."

"लाल झग्यात होतीस तेव्हा मी लोकांना सांगत होते की फोटो जुना आहे," जेरिपो म्हणाली. "आता काय सांगू? आता तू काळ्यात आहेस आणि हसतेयस. माझ्या भावाच्या मरणावर हसतेयस, ओटिली. आणि तो रंग तू आपल्या हातानं दिलायस."

त्या बाईच्या जागी असते तर मीही दुसरे काही म्हटले नसते, आणि हेच मला अजून गिळवत नाही.

वर्ष भरले त्या दिवशी ओटिलीने तरीही अंगण झाडले. बकरे कापले, मटण शिजवले, भोपळ्याचे भांडे ओमाएरेने भरून ठेवले. नवा निळा झगा इस्त्री करून पलंगावर पसरला, सासरच्या बाईने चढवायचा म्हणून. काळ्या झग्यात ती दारात खुर्ची टाकून बसली. मी शेजारी. दुपार झाली, मटणावर चरबीचा थर धरला. मी न राहवून म्हटले, "मी काढते गं तुझा काळा. मीही तुझ्यासाठी रडले आहे."

"तू त्यांची कुणी नाहीस, हेर्टा," ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटले नाही.

उन्हे कलली तेव्हा गाडीचा आवाज आला. ओटिली ताडकन उठली, शाल सारखी केली, फेटा चाचपला. गाडीतून एक पाहुणा आणि त्याची बायको उतरली. बायकोच्या हातात तो कप होता. तिने कपाकडे पाहिले, ओटिलीकडे पाहिले आणि किंचाळली, "हीच ती!"

पाहुण्याने कॅमेरा वर केला. ओटिली उभीच होती, रस्त्याच्या टोकाकडे बघत. त्याने कॅमेरा खाली घेऊन कपावर बोट ठेवले आणि तोंड पसरून दाखवले. असे हसा.

मी त्यांना शिव्या घालून हाकलले. त्यांना माझी भाषा कळत नव्हती, पण कढईतला झारा कळला.

ती खुर्ची उचलून आत गेली. निळा झगा तिने घडी करून ट्रंकेत ठेवला. याला तीन वर्षे झाली. ओटिली अजून काळ्यात आहे. लोकांच्या लग्नांचे झगे शिवते, पण लग्नाला जात नाही. कोपरावर कापड विरले की तेवढाच काळा तुकडा लावते, आणि सगळाच झगा विरला की दुकानात जाऊन तसलेच कापड मागते.