मिक्सरचे आटे

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. बोलणंही गेलं, पण पूर्ण नाही. जे उरलं ते उलटंपालटं. पंखा लावायचा असला की म्हणायचे, ‘बंद कर’. काल आणि उद्या यांची तर त्यांनी कायमची अदलाबदल करून टाकली. एकच शब्द न चुकता जागेवर यायचा, तो म्हणजे ‘नक्को’. सगळा जन्म अंबरपेठेत दखनी बोली ऐकत काढलेल्या माणसाला तोच साथ देणार. मी रोज सकाळी दिलसुखनगरच्या माझ्या घरून त्यांच्याकडे यायचे. आई आणि मी लवकरच या भाषेत तयार झालो. बाबा जे म्हणतील त्याच्या उलट धरायचं, की झालं. नातेवाईक आले की मी मोठ्या ऐटीत दुभाष्याचं काम करायचे.

बाबांना घास नीट गिळता येत नाही, म्हणून वरणभातापासून सगळं मिक्सरमधून काढून द्यावं लागतं. त्यामुळे मिक्सर बिघडला तेव्हा आईचा चेहराच उतरला. मोटर घूं घूं करत होती, पण भांड्यातलं पातं ढिम्म हलत नव्हतं आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. भांडं उचलून पाहिलं, तर खाली मोटरवर जी दातेरी चकती असते ना, पात्याला फिरवणारी, तिचे दात पार झिजलेले. तिला कपलर म्हणतात. जामबागेजवळच्या दुकानदाराने नवा कपलर माझ्या हातावर ठेवला. “इसमें क्या है अम्मा, घर में बदल लेव. पाँच मिनट का काम है,” म्हणाला.

खरं तर हे काम बाबांचं. नोकरीत असताना रविवारी सकाळी अर्ध्या गल्लीच्या इस्त्र्या आणि मिक्सर आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. आणि बाबा इतके खुशीत असायचे की चहा गार झालेला त्यांना कळायचा नाही. मला मात्र त्यांनी कधी कशाला हात लावू दिला नाही. त्याचा राग अजून आहे माझ्या मनात.

तर त्या दिवशी मी टेबलावर पेपर पसरला, मिक्सर आडवा केला आणि खालचं झाकण काढलं. मोटरच्या दांड्याला खाली खाच असते. तिच्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून तो आईला घट्ट धरायला सांगितला आणि वरून पक्कडीने कपलर फिरवायला लागले. कुठलीही गोष्ट उघडते त्याच बाजूला, म्हणजे घड्याळाच्या उलट. कपलर हलेना.

समोरच्या खुर्चीतून बाबांनी डावा हात उचलला आणि हवेत फिरवून दाखवला. घड्याळाच्या दिशेने.

“बाबा, तिकडे फिरवलं तर घट्ट होईल.”

“नक्को,” ते म्हणाले, आणि पुन्हा हात तसाच फिरवला.

“अगं, त्यांचं उलटंच असतं ना,” आई म्हणाली. “ते तिकडे म्हणतात म्हणजे इकडेच. तू कर तुझं.”

मी केलं. तेल सोडलं, फडकं गुंडाळलं, दात ओठ खाऊन जोर लावला. बाबांचा हात फिरतच होता. ‘नक्को, नक्को’ चढत्या आवाजात चालू होतं. पाच मिनिटांच्या कामाला तास होत आला होता, त्यांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. तेवढ्यात पक्कड निसटली आणि माझ्या बोटाचं सालटं निघालं. मग माझं डोकंच फिरलं.

“घ्या! तुमच्या मनासारखं!” असं ओरडून मी पक्कड त्यांच्या दिशेने फिरवली. त्यांना खोटं पाडायचं होतं मला, दुसरं काही नाही. आजारी बापाला खोटं पाडायचं.

कट् असा आवाज झाला आणि कपलर सुटला. पुढचे दोन वेढे तर नुसत्या बोटांनी निघाले. मिक्सरचे आटेच उलटे असतात. मोटर फिरताना कपलर सैल होऊ नये म्हणून ते तसे पाडलेले असतात, हे मला नंतर कळलं. बाबांना ते कायम माहीत होतं.

मी वर पाहिलं, तर बाबा रडत होते. आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं.

“मनावर घेऊ नकोस,” आई हळूच म्हणाली. “डॉक्टर बोललेत ना, या आजारात उगाच रडू येतं.”

इतके दिवस मीही हेच सगळ्यांना सांगत आले होते. त्या क्षणी मात्र मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“उगाच नाही आई,” मी म्हटलं. “तासभर ते बरोबर सांगत होते आणि आपण ऐकलं नाही. म्हणून रडताहेत.”

बाबांनी मान हलवली. वरखाली, सावकाश, दोनदा.

आईने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचा डावा हात तिने आपल्या हातात घेतला.

“अहो,” ती म्हणाली, “वर्षभरात आम्ही तुमचं किती काय काय उलटं केलं असेल हो.”