प्रभुदेसाईंचं फ्रेंच

आमच्या बोईसरच्या ऑफिसात माल कमी आणि किस्से जास्त तयार व्हायचे. तिथली आम्ही चार माणसं आजही भेटलो, की चहा येईपर्यंत एकमेकांच्या तब्येती विचारतो. चहा आला, की प्रभुदेसाईंचे किस्से सुरू!

साठच्या दशकातली गोष्ट. तिकडे तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं आणि इकडे सालवडजवळ आमचा छोटासा कारखाना उभा राहत होता. यंत्रं फ्रान्सची, ऑफिसचं सामानही फ्रान्सचं, आणि फ्रेंच येणारं आसपास कुणीच नाही. मुंबईच्या हेड ऑफिसचा हुकूम असा, की आलेल्या आणि मागवायच्या प्रत्येक वस्तूचं नाव इंग्रजीत कळवा. म्हणून भाषांतरकार नेमायचं ठरलं. मी तिथे टायपिस्ट होतो. त्यामुळे पुढचा सगळा इतिहास माझ्याच बोटांखालून गेला.

* * *

प्रभुदेसाईंचा इंटरव्ह्यू आमचे मॅनेजर नाडकर्णी साहेब यांनी घेतला. साहेबांना फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कळू देतील तर साहेब कसले!

"फ्रेंचमध्ये काहीतरी बोला," साहेब म्हणाले.

प्रभुदेसाईंनी सुरुवात केली, "जाँव्हिए, फेव्रिए, मार्स, आव्हरील..." साहेब डोळे मिटून ऐकत होते. सप्टेंबरपाशी त्यांनी हात वर केला.

"पुरे. उच्चार उत्तम आहेत. विषय काय होता?"

"काळाबद्दल होता, सर."

"वा! गहन आहे." प्रभुदेसाई चिकटले.

* * *

पहिलंच खोकं आलं, त्यावर लिहिलेलं 'प्युनेझ'. प्रभुदेसाईंनी डिक्शनरी उघडली, पहिला अर्थ उचलला आणि मला टाइप करायला दिला. ढेकूण, एक खोकं!

आमचे स्टोअरकीपर जगदाळे साताऱ्याचे. त्यांनी माल ताब्यात घ्यायला साफ नकार दिला. खोकं बाहेर उन्हात ठेवलं आणि त्यावर पंपाने औषध मारून घेतलं. वर साहेबांना ऐकवलं, "आपल्या क्वार्टर्समधले संपले व्हय, म्हणून पॅरिसवरनं मागवले?"

शेवटी पक्कड लावून खोकं उघडलं. आत नोटीस बोर्डाला टोचायच्या टाचण्या! फ्रेंच लोक ढेकणाला आणि टाचणीला एकच नाव देतात, हे डिक्शनरीत दुसऱ्या ओळीवर होतं. प्रभुदेसाई दुसऱ्या ओळीपर्यंत जात नसत.

* * *

मग 'शमीझ' आले. पहिली ओळ, शर्ट! रंगीत, दोनशे नग. बातमी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कारखानाभर झाली. कंपनी कपडे देतेय म्हटल्यावर साहेबांचा जयजयकार झाला. साहेबांनीही तो नम्रपणे स्वीकारला, जणू हे आपल्यालाच सुचलं होतं!

वाटपाच्या दिवशी रांगेत पहिला उभा होता चिंचणीचा काशिनाथ. घरची होडी भावावर सोपवून तो आमच्याकडे फिटरच्या हाताखाली लागला होता. साहेबांनी हसतमुखाने गठ्ठा सोडला आणि काशिनाथच्या हातात पुठ्ठ्याची एक निळी फाइल ठेवली. फ्रेंच लोक कागदाच्या फाइललाही शर्टच म्हणतात!

काशिनाथने फाइल छातीला लावून पाहिली. उलटी केली. उघडली. मग अगदी मनापासून विचारलं, "साहेब, रंग झ्याक हाय. पन बाह्या नाय काय?"

* * *

'त्रोंबोन'च्या वेळी मात्र प्रभुदेसाईंचा दोष नव्हता, असं मी आजही म्हणतो. फ्रेंचमध्ये ट्रॉम्बोन, इंग्रजीतही ट्रॉम्बोन. बँडमध्ये वाजवतात ते लांबलचक पितळी वाद्य. भाषांतर करायला उरलंच काय!

कारखान्याचं उद्घाटन जवळ आलेलं. फ्रान्सने आपणहून वाद्यं पाठवलीत म्हटल्यावर साहेबांची छाती फुगली. त्यांनी पालघरचे एक बँडमास्तर बोलावले. मास्तर लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा अशा थाटात आले आणि स्टोअरमध्ये जाऊन म्हणाले, "वाद्य दाखवा."

जगदाळेंनी काडेपेटीएवढा एक डबा त्यांच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी झाकण काढलं. आत कागदाला लावायच्या क्लिपा. फ्रेंचमध्ये त्याही त्रोंबोनच! मास्तरांनी एक क्लिप चिमटीत धरली, उजेडाकडे नेऊन फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, "फुंकायचं कुठून?"

* * *

यानंतर साहेबांनी प्रभुदेसाईंना केबिनमध्ये घेतलं. प्रभुदेसाई अजून हंगामीच होते. त्यांचं लग्न माहीमच्या एका मुलीशी ठरलं होतं, पण सासऱ्यांची अट अशी, की नोकरी कायम झाल्याशिवाय मुहूर्त नाही. साहेबांनी बजावलं, "आणखी एक चूक, की घरी!"

नेमका त्याच आठवड्यात, यंत्रं बसवायला नुकत्याच आलेल्या फ्रेंच इंजिनिअरने 'मासिको' मागितला. डिक्शनरीत अर्थ मिळाला, शिशाची पिवळी पूड. पण प्रभुदेसाईंना आता डिक्शनरीवर भरवसा उरला नव्हता. ते थेट इंजिनिअरकडे गेले. त्याने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला आणि त्यावर हाताचा पंजा आडवा आणला. खच्च!

प्रभुदेसाईंनी सायकल काढली आणि पालघरचा छापखाना गाठला. तिथे कागद कापायचं तसलंच यंत्र होतं. मालक म्हणाले, "याला गिलोटिन म्हणतात. इंग्रजीतही हेच नाव." प्रभुदेसाईंनी त्यांना तीनदा विचारून खात्री करून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं भाषांतर शंभर टक्के बरोबर होतं! मी टाइप केलं, 'ऑफिसच्या वापरासाठी गिलोटिन, एक.'

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "अहो, फ्रान्सच्या राजाराणीची मुंडकी उडवली ती यानेच ना?"

"हो सर. पण हे ते नव्हे. ह्याने कागद कापतात. या वेळी बरोबर आहे, आईशप्पथ!"

साहेबांचा विश्वास बसला नाही. पण बाहेर इंजिनिअर थयथयाट करत होता. साहेबांनी सही केली आणि मागणी मुंबईला गेली.

आठवड्याने हेड ऑफिसचं उत्तर आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "गिलोटिन मंजूर. हंगामी नोकरांवर वापरण्यास हरकत नाही. कायम नोकरांसाठी मात्र आधी लेबर ऑफिसची परवानगी घ्यावी."

कुणी हसलं नाही. हेड ऑफिस विनोद करतं, असा कुणाचाच अनुभव नव्हता. प्रभुदेसाई जागचे उठले, साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "सर, मशीन यायच्या आत मला तेवढं कायम करून टाका!"