कुणीच न घातलेली अट

रमेशचा फोन आला तेव्हा मी सुरतेत उधन्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. "नाना, देवाभाऊ गेले," एवढंच तो म्हणाला. मी जुडी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, लेना है तो लो, उसको मसलो मत." घरी कसा आलो ते आठवत नाही. बमरोलीला सुमनच्या घरी पोचलो, तेव्हा देवाला बाहेर आणून ठेवलं होतं. चेहरा नीट दाढी केलेला, गुळगुळीत. शेवटपर्यंत तो रोज दाढी करायचा. जुनी सवय... त्याच्या कामाची. ते काम त्याने सोडलं, सवय सुटली नाही.

देवा म्हणजे देविदास, माझा शेजारी. रमेश त्याच्या बहिणीचा, सुमनचा नवरा. पुढच्या दिवसांत दारावर बसायला माणसं येत होती, आणि आमच्यात होतं तसं गेलेल्याबद्दल चांगलं बोललं जात होतं. कुणीतरी म्हणालं, "देवा शहाणा निघाला. वेळेवर लुगडं सोडलं, कामधंद्याला लागला. नाहीतर सोंगाड्या पार्टीवाल्यांचे हाल आपण पाहिलेच." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच त्यातला सगळ्यात म्हातारा, आणि त्या पार्टीत ढोलकी वाजवलेला. मी म्हणालो, "हो, समजदार होता." माझ्या आयुष्यातलं मोठं खोटं मी अशा रीतीने त्याच्या मरणानंतरही पुन्हा एकदा बोललो. आता ते निस्तरायला बसलो आहे.

खानदेशातून सुरतेला लूमवर आलेली आम्ही माणसं. पाळी संपली की करमणूक म्हणून आम्ही सोंगाड्या पार्टी काढली. ढोलकी, झांज, एक विनोदी सोंगाड्या आणि लुगडं नेसून बाईचं काम करणारा एक पुरुष, एवढ्यावर खेळ उभा राहतो. ते बाईचं काम देवाचं. पहिल्यांदा गणपतीत उभा राहिला, तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पुढे त्याचं नाव इतकं झालं की गावाकडच्या जत्रांची आमंत्रणं यायला लागली आणि त्याने लूम सोडून दिला. आई-बाप नव्हते, धाकटी सुमन तेवढी होती. ती शेजारीपाजारी जेवायची आणि हा जत्रांमागे हिंडायचा. त्याच्याकडे स्वतःचं एकही लुगडं नव्हतं. चाळीतल्या बायका आपापली द्यायच्या, आणि यंदा कुणाचं लुगडं स्टेजवर जाणार यावरून त्यांच्यात रुसवेफुगवे व्हायचे. ज्या बाईचं लुगडं नेसला असेल, तिचंच बोलणं, तिचंच नळावरचं भांडण तो खेळात आणायचा. ती बाई पदर तोंडाला लावून हसायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या द्यायची. त्या शिव्याही तो पुढच्या खेळात घालायचा.

सुमनचं लग्न जमायला आलं, तेव्हा देवा एका जत्रेत होता. मला रजा नव्हती, म्हणून तिकडे ढोलकीवर बदली माणूस गेला होता. वडीलधारा म्हणून सुपारी फोडायला मी बसलो. रमेशचे वडील तात्या, जाड मिशांचे, फारसे न बोलणारे. देण्याघेण्याचं सगळं सरळ झालं. पंच अडकित्ता शोधत होते, तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "पोरना भाऊ लुगडं नेसीसन नाचस म्हने?"

अडकित्ता शोधणारे पंच माझ्याकडे वळले. मी तेव्हा नुकताच लूम खात्यात मास्टर झालो होतो, कारीगर मला नमस्कार करू लागले होते. ढोलकी मला सोडायचीच होती, ती आता शोभत नव्हती. पण मी सोडल्यावरही पार्टी चालेल, देवा कायमचा दुसऱ्या कुणाच्या ढोलकीवर नाचेल, हेही मला सहन होत नव्हतं. हे सगळं त्या क्षणी मनात आलं असं म्हणणार नाही. आत कुठेतरी ते तयारच होतं. मी म्हणालो, "नाचायचा. आता सोडी दिन्हं त्यानी."

"सोडी दिन्हं?" तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "...बरं." आणि सुपारी फुटली.

सुपारीत दिलेला शब्द आमच्यात फिरवत नाहीत. देवा परतला तो खांद्यावर ट्रंक घेऊनच माझ्या दारात आला. "नाना, पक्कं व्हयनं का?" मी म्हणालो, पक्कं झालं, पण त्यांची एक अट आहे. तो हसला. "काय, मोटरसायकल मांगतस का?" मी म्हणालो, "लुगडं बंद. तात्यांनी पंचांसमोर सांगितलंय." तो आणखी हसला, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला आणि ट्रंकेवर बसला. मी पुढे म्हणालो, "सासरच्यांपुढे हा विषय कधी काढू नकोस, सुमनलाही सांगू नकोस. नांदायचंय तिला." हे शेवटचं वाक्य मी किती हुशारीने बोललो ते आज कळतं. त्याने खोटं पक्कं बंद झालं. देवा ट्रंक उचलून उठला आणि म्हणाला, "मंग व्हई गयं, नाना."

त्याच आठवड्यात त्याने सगळी लुगडी धुऊन, इस्त्री करून घरोघर परत केली. एक म्हातारी भडकली, "आमना लुगडामा काय खोट शे का रे, देवा?" तो नुसता पाया पडला.

लग्नात, हळदीच्या दिवशी, तात्यांनी मला मांडवाबाहेर बाजूला घेतलं. "तो पोरगा सोडी नही देता ना, तं आज आमना दारशे नाचता. मी देखेल शे त्याले जत्रामा. काय पोरगा! म्हनीसनच तुमले इचारं व्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याना जीव उठी गया व्हई, जाऊ द्या. कलावंतले जास्ती इचारू नही."

समोर देवा पंगतीत वरण वाढत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण माझ्याभोवती माणसं होती, "नानांनी जमवलं, नानांनी निभावलं" चाललं होतं. म्हटलं, लग्न उरकू दे, मग सांगू. लग्न उरकलं. मग दिवाळी उरकू दे. मग मला समाजात लोक सोयरिकीसाठी बोलवायला लागले. नानांचा शब्द म्हणजे शब्द, असं झालं. तो शब्द कशावर उभा आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं. आणि मी गप्प राहिलो.

लूमवर देवाचं मन परत लागलं नाही. मीच ओळखीने त्याला रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात लावलं. मला वाटलं, शोभेल त्याला. कापडाची जाण, बोलायला गोड. पण त्या दुकानांची एक रीत आहे. व्यापारी गादीवर बसतात आणि सेल्समन साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून, निऱ्या धरून दाखवतो. मिशीवाले बापे दिवसभर पदर घेऊन उभे असतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. देवा ते करेना. साडी गादीवर पसरायचा, काठ दाखवायचा, रंग सांगायचा, पण अंगावर घ्यायचा नाही. शेठ ओरडायचे, "देवाभाई, खभे नाखीने बतावो ने! शरम शानी आवे छे?" खांद्यावर टाकून दाखव, लाज कसली वाटते, म्हणून. बाकीचे सेल्समन त्याला सासुरवाशीण म्हणून चिडवायचे. त्यांना काय ठाऊक, की हा गडी अंगावर साडी घेतली तर बहिणीच्या संसाराला दिलेला शब्द मोडेल असं धरून चालला होता. शेवटी शेठनी त्याला तळघरातल्या गोदामात घड्या घालायला बसवलं. पुढचं सगळं आयुष्य तो तिथेच होता, ट्यूबलाइटखाली, कापडाच्या कोंदट हवेत. लग्न केलं नाही. ज्या खोकल्याने गेला, तो तिथलाच.

आणखी एक. तात्यांना त्याने कधी माफ केलं नाही. सणाला सुमनकडे गेला, की तात्यांना लांबूनच नमस्कार. तात्यांनी मला एकदा विचारलंही, "त्याले मन्हा काय राग शे?" मी म्हणालो, स्वभावच तसा आहे. तात्या गेले तेव्हा देवा खांदा द्यायला गेला नाही. सुमन त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. ज्या माणसाला त्याला आपल्या दारात नाचवायचं होतं, त्या माणसाचा त्याने जन्मभर राग केला... माझ्यामुळे.

शेवटी श्वास पुरेना, तेव्हा सुमननेच त्याला स्वतःच्या घरी आणलं. मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तो भिंतीला टेकून बसला होता. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "नाना, ढोलकी वाजवता का कधी?"

"छे. केव्हाच सोडली."

"तुम्ही कसाले सोडी?" तो हसला आणि हसता हसता खोकला. "तुमच्यावर तर काही अट नव्हती."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हात दुखतात रे." नंतर आला तो रमेशचा फोन.

दिवसकार्य झाल्यावर सुमन एकटी असताना गेलो आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली. माझं संपल्यावर ताट बाजूला सरकवून म्हणाली, "मी भाऊला विचारायचे, का सोडलंस? म्हणायचा, कंटाळा आला. मला फार राग यायचा त्याचा."

मी म्हणालो, "बाई, लग्न मोडेल अशी भीती..."

"थांबा, नाना." तिने मला तोडलं. "आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. फोटोसुद्धा नाही. मी एकदा भाऊला विचारलं, आई कशी चालायची रे? तो म्हणाला, उद्या पार्टीला ये, दाखवतो. मग दर खेळाला, गाण्याच्या आधी तो एक फेरी मारायचा. लोकांना वाटायचं, ठेक्याची वाट बघतोय. ती आई होती माझी. मी तेवढ्यासाठी पुढे बसायचे."

मी ती फेरी, निऱ्या किंचित उचललेली, सावकाश पावलांची, शेकडो वेळा पाहिली आहे. तिच्यासाठी थांबलो आहे, हात ढोलकीवर ठेवून. मला कधी कळलं नाही.

"तात्यांचं नाव चांगलं करा आता," ती म्हणाली. "मला एकटीला सांगून भागणार नाही." म्हणून हे लिहिलं. तात्यांनी कसलीही अट घातली नव्हती. देविदासला शहाणपण सुचलं नव्हतं, कंटाळाही आला नव्हता. त्याला मी थांबवलं.

सुमन चहा ठेवायला उठली. डाव्या हाताने निऱ्या किंचित उचलून, मान थोडी कलती ठेवून, पाऊल अगदी सावकाश टाकत ती आत गेली. मी खाली पाहिलं.