करड्या आवाजाचे इंग्रजी

बायडाबाई रोकडे यांचे शिक्षण दुसरीपर्यंत झाले आहे आणि त्यांना इंग्रजी येते. ही दोन्ही विधाने सत्य आहेत. दुसऱ्याला मात्र थोडे स्पष्टीकरण हवे.

मेढ्यात विहाराच्या मागच्या गल्लीत आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. बाईंचे वय बासष्ट. त्यातली सव्वीस वर्षे त्यांनी पाचगणीच्या एका निवासी शाळेत, मुलींच्या वसतिगृहात, आया म्हणून काढली. चादरी मोजणे, वेण्या घालणे, आजारी मुलीच्या उशाशी बसणे हे त्यांचे काम. त्यांच्यावर एक मेट्रनबाई होत्या. त्या मुलींची समजूत घालत ती हिंदीत आणि रागावत ते इंग्रजीत. सव्वीस वर्षे बायडाबाईंच्या कानांवर इंग्रजी पडले ते असे, फक्त रागाचे.

माझ्या अंगणातला नळ एकदा चुकून चालू राहिला. कुंपणापलीकडून आवाज आला, "आय वाँट टू नो हू हॅज लेफ्ट द टॅप ऑन!" नळ कोणी सोडला ते मला कळले पाहिजे! मी दचकून उठलो आणि नळ बंद करून आलो. एकतीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाला त्या वाक्यात काढायला एकही चूक सापडली नाही.

मग मी चौकशी केली. त्यांच्यापाशी अशी बारा-तेरा वाक्ये निघाली. 'डोन्ट फर्गेट टू टेल मी व्हेन द मिल्क कम्स', दूध आले की मला सांगायला विसरू नका. 'यू हॅव टू वेट टिल द बेल रिंग्ज', घंटा होईपर्यंत थांबावे लागेल. मी ती वहीत उतरवून घेतली, तेव्हा लक्षात आले की बहुतेकांची घडण एकच आहे. आधी 'टू' लागलेले क्रियापद, ज्याला व्याकरणात इन्फिनिटिव्ह म्हणतात, आणि त्याच्या पाठोपाठ हू, व्हेन, टिल अशा शब्दाने जोडलेले एक सबंध गौण वाक्य. मराठीत आपण उलट चालतो. आधी नळ, कळणे शेवटी. इंग्रजीत जाणून घ्यायची इच्छा पहिल्यांदा सांगावी लागते, नळ मागाहून येतो. हा क्रम मी दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! मुले पहिला अर्धा भाग म्हणून अडकत. बायडाबाई अडकत नसत.

"तुम्हांला हे व्याकरण कोणी सांगितलं?" मी विचारले.

"ह्यात कसलं व्याकरन, सर? मेट्रनबाईंनी तोंड उघडलं की आदी 'आय वाँट टू नो' यायचं, मग कुनाचं तरी पाप. आमी आपलं पाप कुनाचं हाय ते ऐकायचो."

बाईंचा मुलगा कपिल त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात हाताखाली काम करत स्वयंपाकी झाला आणि पाच वर्षांपूर्वी मालवाहू जहाजावर लागला. त्याची बायको स्वप्ना तासगावची, सांगलीला बी. ए. झालेली. गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी जहाज कंपनीच्या माणसाचा तिला फोन आला. कपिलचे अपेंडिक्स फुटले होते. त्याला दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या एका रुग्णालयात उतरवून त्याच रात्री शस्त्रक्रिया केली होती आणि जहाज पुढे निघून गेले होते. त्याचा मोबाइल जहाजावरच राहिला होता. "अजून ताप आहे. पुढचं कळलं की कळवतो," एवढे सांगून त्या गृहस्थाने फोन ठेवला. मंगळवार गेला, काही कळले नाही.

रुग्णालयाचा क्रमांक मी शोधून दिला. स्वप्नाने फोन लावला. पलीकडची बाई भराभर काही विचारू लागली, तशी स्वप्ना तीन वेळा "यस" म्हणाली आणि तिने फोन बंद केला. ती रडत म्हणाली, "पेपरात सगळं लिहीत होते, सर. पण ती बोलायला लागली की माझ्या कानांत नुसतं पाणी शिरल्यागत होतंय."

मग मी फोन केला. रुग्णाची माहिती नातेवाइकांखेरीज कोणालाही देता येत नाही, असे मला दोनदा सभ्यपणे सांगण्यात आले. "चुलता हाय म्हणा की, सर," स्वप्ना म्हणाली. ते मला जमले नाही.

तेवढ्यात बायडाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हते, डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या म्हणाल्या, "म्या बोलती. पैलं अर्दं मला येतंय. फुडचं अर्दं तुमी द्या."

मी पुढचे अर्धे दिले. कपिल जेवतो का, त्याचा ताप उतरला का, त्याला घरी कधी सोडणार. अंगणात फेऱ्या मारत त्यांनी ते पाऊण तासात पाठ केले. उच्चार ठीक होते. धास्ती होती ती सुराची.

"बायडाबाई, जरा मऊ बोला. आपण विनंती करतो आहोत."

"मऊ इंग्रजी मला येत न्हाई, सर."

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास, तिकडे सकाळचे साडेअकरा असताना, स्वप्नाने फोन लावून स्पीकर चालू केला. रुग्णालयाच्या बाईने फोन वॉर्डात जोडला. कोणीतरी कंटाळल्यासारखे "हॅलो" म्हणाले. बायडाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या, त्यांनी पदर खोचला आणि आम्ही न ठरवलेले वाक्य फोनवर घातले.

"आय वाँट टू नो हू इज इन चार्ज ऑफ धिस फ्लोअर!"

या मजल्यावर कोण जबाबदार आहे? मी कपाळाला हात लावला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग एक वेगळाच, सावध आवाज आला. सिस्टर थेंबी बोलते आहे, मॅडम. मीच आहे, मॅडम.

"आय वाँट टू नो व्हेदर माय सन कपिल इज ईटिंग!"

आपण त्याच्या आई का, असे सिस्टरने विचारले.

"मदर!" बाईंनी हुद्दा सांगावा तसे सांगितले.

यानंतर सिस्टर थेंबी इतक्या सावकाश आणि स्पष्ट बोलल्या की स्वप्नाला शब्दन्‌शब्द कळला. शस्त्रक्रिया नीट झाली होती. ताप काल रात्री उतरला होता. सकाळी त्याने सूप घेतले होते आणि खिडकीपर्यंत चालून परत आला होता. डॉक्टर जखम पाहीपर्यंत त्याला राहावे लागेल. स्वप्ना हे मराठीत सांगत असतानाच बायडाबाईंनी तिला थांबवले.

"'टिल' म्हनली न्हवं ती? मग सोडनार हायती. 'टिल' म्हनल्यावर घंटा कवा ना कवा व्हतीच."

"आत्या, तुमाला सगळंच कळतंय की!" स्वप्ना आता हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

सिस्टरने फोन कपिलच्या हाती दिला. आवाज खोल गेला होता, पण त्याचाच होता.

"आये, हळू की गं! सिस्टर ताडकन उभी ऱ्हायली. मला म्हनती, तुजी आई कंच्या हॉस्पिटलची मोठी मेट्रन हाय?"

"मग काय सांगितलंस?"

"पाचगनीची हाय म्हनलं."

"खोटं कशाला बोलतुयास रं? आया व्हते म्हनून सांग."

"आता सांगून काय उपेग? माजी चादर बदलली तिनं, दोनदा. आये, हसवू नगंस, टाकं दुखत्यात."

"जेवलास का?"

"सूप प्यालो."

"सूप म्हंजे काय जेवान व्हय?" आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज रडवेला झाला. त्यांनी फोन स्वप्नाकडे दिला. नवराबायकोंना निवांत बोलता यावे म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला.

चहाचे कप घेऊन बाहेर आलो तेव्हा स्वप्नाने तोंडावर बोट ठेवून मला थांबवले. बायडाबाई खांबाला टेकून, पाय लांब सोडून झोपी गेल्या होत्या. त्यांचे तोंड किंचित उघडे होते. स्वप्ना आणि मी पायरीवर बसून चहा प्यालो. शनिवारी घरी सोडण्याचे ठरवतील असे कपिलने सांगितल्याचे ती मला कुजबुजत सांगत होती. गल्लीतून सिलिंडरची गाडी घंटी वाजवत आली, तेव्हा आम्ही दोघांनीही हात हलवून तिला पुढे जायला सांगितले.