शिरस्तेदार आप्पांची तिसरी ओळ

शिरस्तेदार आप्पांना कुणी काही सांगायला लागलं की ते डोळे मिटून घ्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा पेंगला. बोलणारा थांबला की तसेच डोळे मिटून म्हणायचे, "मुंद?" कोर्टातल्या कानडीतून उचललेला शब्द, म्हणजे आपलं 'पुढं?'. आणि बहुतेकांपाशी पुढचं काही नसायचंच. मी एकदा विचारलं, डोळे का मिटता? म्हणाले, "वकील हात लई हलवत्यात गं. हात बघत बसलं की बोलणं ऐकू येत न्हाय."

तीस वर्षं ते कोर्टात जज्जसाहेबांच्या खुर्चीखाली बसले. साध्या कारकुनापासून चढत चढत शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचे मुख्य कारकून झाले. निपाणीतल्या आमच्या बौद्ध वस्तीतला खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला माणूस तो. बाकीची वस्ती तंबाखूच्या वखारीत. माझे वडील पोती उचलायचे, आई तंबाखू चाळायची. संध्याकाळी ती घरी आली की आधी खोकला आत यायचा, मागून आई.

आणि मी? मी एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, दोन वेण्या घालून सगळ्या जगाला शहाणं करायला निघालेली. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतली ढाल मी घरात अशा ठिकाणी टांगली होती, की पाहुण्यानं पाणी प्यायला मान वर केली तरी ती दिसावी. पाहुणे बिचारे घाईनं पाणी प्यायचे. सीमाप्रश्नावर तर मला झोपेतून उठवलं असतं तरी वीस मिनिटं बोलले असते. आज ती पोरगी समोर आली, तर मी मागच्या दारानं निघून जाईन.

त्या सुमारास, ऐंशीच्या आसपास, मी एका लांबच्या शहरातल्या कामगार कल्याणाच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेशपरीक्षा दिली आणि आपटले. गणितात बरी होते. इंग्रजीत कशीबशी. सगळ्यात कमी गुण पडले ते युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांना. चार-पाच ओळींचा उतारा द्यायचे, त्यात कुणीतरी काहीतरी पटवून देत असायचं, आणि खाली विचारायचे की हा युक्तिवाद कशानं बळकट होतो, कशानं ढासळतो, यात न बोलता काय गृहीत धरलंय. ढाल मिळवलेली पोरगी नेमकी तिथं नापास. मी अर्थातच प्रश्नपत्रिकेला नावं ठेवली.

वडील एवढंच म्हणाले, की अजून एकदा बस, त्यानंतर सदलग्याचं स्थळ आहे त्यांना मी थांबा म्हणणार नाही. ते दुष्ट नव्हते. वस्तीत बारावीनंतर पोरगी घरात ठेवणं हेच तेव्हा मोठं धाडस होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला आप्पांच्या दारात नेऊन उभं केलं.

आप्पांनी माझी जुनी प्रश्नपत्रिका घेतली आणि उतारा हातानं झाकला. "आधी खालचा प्रश्न वाच. साहेब काय ठरवायला बसलाय ते कळल्याबिगर पक्षकाराचं ऐकायचं न्हाय." मी म्हटलं, त्यात वेळ जातो. ते म्हणाले, "वेळ ऐकण्यात जात न्हाय, दोनदा ऐकण्यात जातो."

मग त्यांची शिकवणी सुरू झाली. मराठी, कानडी, दोन्ही वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं ते कापून ठेवायचे. नावगाव काढून टाकायचे, कानडीतलं मराठीत सांगायचे. प्रत्येक पत्राखाली मी तीन ओळी लिहायच्या. पहिलीत, लिहिणाऱ्यानं काय ठरवलंय. दुसरीत, त्यासाठी काय दाखवलंय. तिसरीत, न सांगता काय धरून चाललाय. "पहिल्या दोन कागदावरच असत्यात," म्हणायचे. "तिसरी कुणी लिहून देत न्हाय. ती शोधायचा पगार असतो."

पहिलं पत्र मला अजून आठवतं. गावाबाहेर बसस्टँड गेल्यापासून कॉलेजातली मुलं कमी झाली, म्हणून बसस्टँड परत आणा. मी तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं, 'बसस्टँड परत आणलाच पाहिजे!' शिवाय दोनदा अधोरेखित केलं. आप्पांनी ते वाचलं. म्हणाले, "ह्या माणसानं तुला वकीलपत्र कधी दिलं?" मग समजावलं, की तो धरून चाललाय की जी मुलं कमी झाली ती बसनंच येत होती. "आता ती ओळ उलटी करून बघ. मुलं चालतच येत होती म्हण. काय राहिलं त्याच्या पत्रात?" काहीच राहत नव्हतं. उलटी केल्यावर सगळं कोसळलं, तर ती ओळ म्हणजे खांब. उलटी करूनही पत्र उभंच राहिलं, तर ती ओळ आपण उगीच आणून टेकवली, असं त्यांचं गणित.

पर्याय निवडताना माझी खोड वेगळीच. जो पर्याय मला पटायचा, त्यावर मी खूण करायचे. सीमाभागातल्या माणसाची ही जुनी सवय. आपल्या बाजूचा बोलला की तो बरोबरच बोलला असणार. आप्पा म्हणायचे, "खरं बोलणारे पर्याय चारातले तीन आसतील. ह्या भांडणात त्याचं काम काय, ते इचार. काम नसंल तर त्याला बाहेर बाकड्यावर बसव."

दोन महिने बरे गेले. एके दिवशी त्यांनी कात्रण न देता स्वतःच्या अक्षरातला कागद पुढं केला. एका गावात तंबाखूची वखार निघाली. त्या वर्षापासून दवाखान्याच्या वहीत खोकल्याचे रोगी वाढले. म्हणून वखारीमुळं खोकला होतो. युक्तिवाद पक्का की कच्चा?

मी वाचून पुरं व्हायच्या आत 'पक्का' लिहिलं. आप्पांनी नकाराची मान हलवली. म्हणाले, दवाखानाही त्याच वर्षी निघाला असला तर? आधी खोकणारे होतेच, त्यांना लिहून घेणारी वही नव्हती, असं असलं तर?

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या आईला विचारा, ती सांगेल कच्चा की पक्का.

"तुझ्या आईचा खोकला खरा हाय," आप्पा म्हणाले. "वखारीनं झालाय हेबी खरं आसंल. पण ह्या कागदावर जे दाखवलंय, तेवढ्यानं ते ठरत न्हाय. तुला खरंखोटं विचारलं न्हाय, गं. ठरतं का न्हाय, ते विचारलंय."

तेव्हा मी जे बोलले, ते लिहिताना आज या वयातही हात अडतो. मी म्हणाले, "सरकारी खुर्चीत बसून बसून तुम्ही आमचे राहिला न्हाईसा, आप्पा. तुमच्या घरात कोण वखारीत गेलं असतं तर असलं सुचलं नसतं." वही उचलली आणि निघाले. जाताना दार आपटलं. वादविवादाची ढाल मिळवलेल्या पोरीला शोभेल असं आपटलं.

पंधरा दिवस मी त्यांच्याकडं फिरकले नाही. घरी आईनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, माझी वाक्यं तर अभिमानानं, हातवाऱ्यांसकट. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "गंगाक्का कोण, ठावं हाय का तुला?"

गंगाक्का आप्पांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले. वखारीत तंबाखू चाळून तिनं धाकट्या भावाला शिकवलं, कोर्टात चिकटवलं. एका वर्षी तिनं आणि आणखी काही बायकांनी मिळून कोर्टात अर्ज केला, की वखारीला खिडक्या पाडा, आम्हांला श्वास घेता येत नाही. त्यांच्या वकिलानं साहेबांपुढं अगदी हेच सांगितलं: वखार आली आणि खोकला आला. जोरात सांगितलं, टेबलावर मूठ आपटून सांगितलं. बायका मागं उभ्या राहून डोळे पुसत होत्या. समोरच्या वकिलानं आवाज न चढवता एकच विचारलं, दवाखाना कोणत्या साली निघाला? साल तेच होतं. वखारीत जाणाऱ्या बायका किती खोकतात आणि शेतात जाणाऱ्या किती, एवढं जरी कुणी मांडून आणलं असतं तरी उत्तर झालं असतं. कुणी आणलं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. आप्पा तेव्हा तिथं नवे कारकून होते. निकालाच्या नकलेवर शिक्का मारायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी तो मारला आणि नक्कल बहिणीच्या हातात दिली. दोन पावसाळ्यांत ती गेली. खिडक्या पुढं कितीतरी वर्षांनी पडल्या, त्याही अर्ध्याच.

आई म्हणाली, "तिच्या मातीवरनं आल्यावर आप्पा एवढंच बोलले. आपली बाजू खरी हुती, म्हणून कुणी तपासली न्हाय." आणि परत भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांकडं गेले. क्षमा मागायची हिंमत नव्हती. वही उघडून नुसती बसले. त्यांनी नवं कात्रण पुढं सरकवलं. खरं तर ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून मात्र मी एक शिकले, की जे आपल्याला वाचताक्षणी पटतं, तिथं पेन्सिल खाली ठेवायची. परक्याचा युक्तिवाद आपण तपासतोच, राग असतो म्हणून. आपल्याच माणसाचा तपासायला जड जातं. आणि समोरचा नेमका तिथंच बोट घालतो.

परीक्षा बेळगावात झाली. एका उताऱ्यात कुठल्याशा गावानं दुकानांच्या पाट्यांची भाषा बदलली आणि विक्री वाढली, म्हणून भाषा बदलल्यानं विक्री वाढते, असं होतं. माझ्या आत मोर्चा निघाला. घोषणासुद्धा सुरू झाल्या. मी पेन्सिल खाली ठेवली, मोर्चा जाऊ दिला, आणि खालचा प्रश्न परत वाचला: हा युक्तिवाद कशानं ढासळतो? विक्री वाढली तो महिना सणाचा होता, असं सांगणारा पर्याय तिसऱ्या नंबरावर शांत बसून होता. कुणालाच न पटणारा, रुक्ष. त्यावर खूण केली.

मला प्रवेश मिळाला. सदलग्याच्या माणसांना वडिलांनी स्वतः जाऊन नकार कळवला. पुढं तीस वर्षं मी कामगार अधिकारी म्हणून किती वखारी आणि किती कारखान्यांच्या खिडक्या मोजल्या, ते इथं सांगत नाही. म्हातारीनं आपली ढाल परत भिंतीवर टांगली, असं व्हायचं.

आप्पा त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी गेले. मी वसतिगृहात होते. वडिलांचं कार्ड पोचलं तेव्हा सगळं होऊन चार दिवस झाले होते. म्हणून माझ्यापाशी त्यांची शेवटची भेट म्हणून जी आहे, ती मी शिकायला जायच्या आदल्या आठवड्यातली, बेळगावजवळच्या पिरनवाडीची. आजारी पडल्यावर लेकीनं त्यांना तिकडं नेलं होतं. मी प्रवेशाचं पत्र घेऊन गेले. ते खाटेवर आडवे होते, पाय पसरून, पार वाळलेले. पत्र त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, शिक्कासुद्धा निरखून बघितला, आणि परत दिलं.

मग मी खाटेपाशी उभी राहून बोलायला लागले. येताना बसमध्ये सगळं मनात मांडून ठेवलं होतं. म्हटलं, आप्पा, त्या दिवशी मी बोलले, तेव्हा आईचा खोकला वाढला होता. परीक्षेची भीती होती. शिवाय गंगाक्कांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन कारणं, एकापुढं एक, बिनचूक.

आप्पांनी पुरतं ऐकून घेतलं. म्हणाले, "कारणं पक्की हाईत. एकात खोट न्हाय." जरा दम खाल्ला. "पण पोरी, हितं कुणी निकाल द्यायला बसलंय का?"

आतल्या खोलीत त्यांची लेक भांडी लावत होती, ती थांबल्याचं ऐकू आलं. बोलायला मला एवढा वेळ पूर्वी कधी लागला नव्हता, नंतरही लागला नाही.

"चुकलं माझं, आप्पा."

त्यांनी पाय हळूच आत ओढून घेतले आणि खाटेवर मला बसायला जागा केली.