मेहुण्यांचं न सापडणारं कार्ड

फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी आमच्या मेहुण्यांइतके कष्ट उपसणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स हे सॉफ्टवेअर. उदारीकरणाच्या वाऱ्यात बँकेने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, तेव्हा रांगेत पहिले उभे राहून माझ्या बायकोचे हे थोरले बंधू बाहेर पडले आणि धायरीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एक कॉम्प्युटर जुळवला. घेतला नव्हे, जुळवला. हा फरक न कळणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळे, मान मिळत नसे. अख्खं पुणं चोरीच्या सॉफ्टवेअरवर सुखाने नांदत असताना मेहुणे एकटे सचोटीने हाल काढत होते. "जावईबापू, फुटपाथवरच्या सीडीवर आपण कॉम्प्युटर चालवता, मग मुलांना खरं बोलायला कुठल्या तोंडाने सांगता?" हे त्यांनी मला माझ्याच घरी, माझेच पोहे खाताना विचारलं होतं. त्यांच्या सचोटीच्या कॉम्प्युटरमधून एक अख्खा पावसाळा आवाज येत नव्हता. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "आवाज हवाय कशाला? काम करायचंय की लावणी ऐकायचीय?"

मॅन्युअल वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा बाणा. घरी नवा मिक्सर आला तेव्हा खोवलेला नारळ पातेल्यात वाट बघत होता आणि मेहुणे वहिनींना सुरक्षिततेच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवत होते. शेवटी वहिनींनी पाटा काढला. दसऱ्याला वहिनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत, तेव्हा हे दारात उभे राहून म्हणत, "एवढ्याने यंत्रं चालत असती तर बँकेने इंजिनिअरऐवजी भटजी नेमले असते." वहिनी फूल जरा सरळ करून आत जात. या बाईंनी आयुष्यभर त्यांच्या बोलण्याला एवढंच उत्तर दिलं.

त्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक अमेरिकेत बाळंत व्हायची होती. वहिनींना व्हिसा मिळाला नाही. डिंकाचे लाडू बांधून तयार होते, ते आम्ही खाल्ले, आणि खाताना कुणाला बरं वाटलं नाही. आता लेक दिसायची ती फक्त कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून. आणि नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते इंटरनेट गेलं. नेटवर्क कार्डच सापडत नाही, असं कॉम्प्युटर म्हणू लागला. त्याच आठवड्यात फोन आला, मुलगी झाली. बारसं तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, मला तिला पाळण्यात घालताना बघायचंय. बाकी काही नको."

मेहुण्यांनी कंबर कसली. निदान झालं की ड्रायव्हर नाही, म्हणजे कार्डाची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर नाही. ते इंटरनेटवर मिळतं, आणि इंटरनेट त्या कार्डातून येतं. मी कात्रजला घरी जाऊन माझ्या पापी कॉम्प्युटरवर ते उतरवून आणलं. मेहुण्यांनी ती सीडी दोन बोटांत धरली. "गंगाजल आहे, पण घागर चोरीची," म्हणाले आणि घेतली. कार्ड सापडलं नाही. मग त्यांनी लिनक्सचा अख्खा गाभाच नव्याने बांधायला घेतला. तो बांधून झाला, कार्ड सापडलं नाही.

"डबा उघडून बघू या का? कार्ड सैल झालं असेल," मी म्हटलं.

"डबा उघडायचा नाही."

"अहो, पण..."

"हार्डवेअर ठीक आहे. मी बघितलंय."

"कधी?"

"बघितलंय म्हटलं ना!"

एरवी पाहुणा दिसला की डबा उघडून दाखवणारा हा माणूस. मला नवल वाटलं.

रविवारी सकाळी मी स्कूटर घेऊन पोचलो. म्हटलं, माझ्या घरी चला, सगळं तयार आहे. वहिनी नवी साडी नेसून दारात आल्या. मेहुणे खुर्चीतून उठले नाहीत. "तू जा," म्हणाले. वहिनींनी पायात घातलेल्या चपला काढल्या. "नातीचं बारसं मी एकटीने बघू होय?" म्हणाल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. घड्याळ पुढे चाललं होतं.

"जावईबापू," मेहुणे भिंतीकडे बघत म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर द्या."

कार्ड बाहेर निघालं. त्याच्या सोनेरी दातांवर हळदकुंकवाचा सुकलेला लेप होता आणि खाचेत एक अक्षत अडकली होती.

इतक्या वर्षांचा हिशोब चुकता करायला माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती. वहिनी पुढे वाकून बघत म्हणाल्या, "मी तर बाहेरूनच वाहिलं होतं."

"मी वाहिलं. डबा उघडून, कार्ड काढून. तू स्वयंपाकघरात होतीस," मेहुणे खाली मान घालून म्हणाले. "दिवस भरत आले होते पोरीचे. यातूनच येते ना ती घरी."

माझी दहाही वाक्यं जिरली. मला या माणसाची आजवर गंमत वाटत आली होती, त्या क्षणी फार माया वाटली. वहिनींनी ड्रॉवरमधून खोडरबर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक दात घासला, टाचणीने अक्षत काढली, ती टाकून न देता खिशात ठेवली आणि कार्ड बसवलं. पडद्यावर कार्डाचं नाव उमटलं.

पाळणा दिसला, तेव्हा तिकडे नाव ठेवून झालं होतं. पण लेकीने आईसाठी बाळाला पुन्हा उचललं आणि पुन्हा पाळण्यात घातलं. नाव सांगितलं, ते तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. वहिनींनी पडद्यावरून दृष्ट काढली. आणि तेवढ्यात चित्र थिजलं. बाळाची मूठ वर उठलेली, लेक वाकलेली, सगळं जागच्या जागी थांबलं.

मेहुण्यांचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. "अडकलंय. पुन्हा जोडू का?"

"नको हो. गेलं तर? राहू द्या असंच."

त्यांनी हात मागे घेतला. खुर्ची वहिनींच्या पलंगाजवळ ओढली आणि दोघं त्या न हलणाऱ्या नातीकडे बघत बसली. मी निघालो, ते त्यांना कळलं नाही.